उत्तरभागाची कैफियत : 'मॉरोविंड'पासून 'ऑब्लिव्हियन'पर्यंत

उत्तरभागाकडे येणारा वाचक आठवणी बरोबर घेऊन येतो आणि लेखकाला त्या आठवणींशी हिशेब करावा लागतो, ही गोष्ट फार जुनी आहे. भवभूतीने 'उत्तररामचरिता'च्या पहिल्याच अंकात राम आणि सीता यांना त्यांच्या पूर्वायुष्याची चित्रे पाहायला लावली. पुढची कथा सांगण्याआधी मागची कथा प्रेक्षकांच्या मनात जागी करणे त्याला आवश्यक वाटले. 'दोन किहोते'चा पहिला भाग १६०५ साली आला. त्याच्या यशावर डोळा ठेवून १६१४ साली भलत्याच कुणी टोपणनावाने त्याचा दुसरा भाग छापला, आणि १६१५ साली सर्व्हान्तेसने खरा दुसरा भाग प्रसिद्ध केला तेव्हा त्यातली पात्रे पहिला भाग वाचून आलेली होती. पूर्वार्धाची स्मृती हाच उत्तरार्धाचा कच्चा माल असतो, आणि त्याची अडचणही तीच असते.

प्रस्तुत लेखात ज्या उत्तरभागाचा विचार करायचा आहे तो पुस्तकरूपाने आलेला नाही. तो संगणकावर खेळायचा एक अद्भुतरम्य खेळ आहे : 'द एल्डर स्क्रोल्स' या मालिकेतला चौथा भाग, २००६ साली आलेला 'ऑब्लिव्हियन'. मराठीच्या प्राध्यापकाने या विषयावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. त्याचे उत्तर असे, की याच मालिकेतला तिसरा भाग, २००२ सालचा 'मॉरोविंड', मी एम.ए. करत असताना अक्षरशः वाचला होता. मित्राच्या खोलीवर, त्याच्या संगणकापुढे, भाषाविज्ञानाच्या टिपणांच्या कोऱ्या पाठीवर वाटा आणि खुणा उतरवून घेत वाचला होता. त्यामुळे चौथा भाग आला तेव्हा माझ्यापाशी चाहत्याचे प्रेम होते, तशीच वाचकाची तक्रारही होती. वीस वर्षांनंतर त्या तक्रारीतले खरे किती आणि हळवेपणा किती, हे तपासून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

परंपरा

भूमिका घेऊन खेळण्याच्या या प्रकाराचा उगम टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळांत आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली प्रसिद्ध झाला. एकाने कथा सांगायची, बाकीच्यांनी पात्रे होऊन निर्णय घ्यायचे आणि निर्णयाचे फळ फाशांनी ठरवायचे, असा तो मामला. म्हणजे मुळात हा सांगण्याऐकण्याचा खेळ. संगणकाने कथेकऱ्याची जागा घेतली आणि फासे आपल्या पोटात दडवले.

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातील बेथेस्डा या कंपनीने १९९४ साली 'ॲरेना' आणि १९९६ साली 'डॅगरफॉल' हे या मालिकेचे पहिले दोन भाग काढले. टॅम्रिएल नावाचा एक कल्पित खंड, त्यातले प्रांत, तिथल्या जमाती, देव आणि राजवंश असा हा पसारा. प्रत्येक भागात प्रांत बदलतो, नायक बदलतो. टिकून राहतो तो त्या जगाचा इतिहास. तोही बखरीसारखा, म्हणजे सांगणारा बदलला की बदलणारा. खेळातल्या घरांत, मठांत, भुयारांत शेकडो पुस्तके ठेवलेली असतात आणि ती उघडून वाचता येतात. ती एकमेकांशी वाद घालतात. ज्याला केवळ लढायचे आहे त्याने ती उघडली नाहीत तरी चालते. आमच्यासारख्यांना मात्र त्या कपाटांनीच बांधून ठेवले.

वाचायचा खेळ

'मॉरोविंड'मध्ये पात्रे क्वचितच आवाजात बोलत. एखादे अभिवादन, एखादी शिवी ऐकू येई. बाकीचे सारे संभाषण मजकुराच्या रूपात समोर येई. त्या मजकुरात काही शब्द वेगळ्या रंगात असत. त्यांवर बोट ठेवले की तो विषय उलगडे आणि त्यातून आणखी शब्द निघत. कोशातली एक नोंद पाहायला जावे आणि चार नोंदी वाचून बाहेर यावे, तसा अनुभव.

कामगिरी सांगणारा माणूस वाटही शब्दांतच सांगे : गावाबाहेर पडून पूल ओलांडा, नदीच्या काठाने दक्षिणेला जा, दगडी कमान लागली की डावीकडे वळा. हे ऐकून, म्हणजे वाचून, आपणच निघायचे. खेळाच्या खोक्यात एक कागदी नकाशा येई. कुठूनही कुठेही झटकन पोहोचण्याची सोय नव्हती. नावा होत्या, मंत्रविद्येच्या संघांतून एका शहरातून दुसऱ्या शहरात जाता येई, आणि लांब पायांच्या अजस्र किड्यांच्या पाठीवरून ठरावीक गावांना जाता येई. बाकी सगळी पायपीट. सांगितलेली वाट कधी अपुरी असे, तर कधी साफ चुकीची. आपल्याकडेही रस्ता विचारला की माणसे खात्रीने चुकीचा रस्ता सांगतात, हे आठवून त्या वेळी आम्ही हसत असू.

कथेचा गाभाही वाचनाचाच होता. नेरेव्हार नावाचा एक जुना सेनानी लाल पर्वताच्या युद्धानंतर मरण पावला. कसा, याबद्दल प्रांतात एकमत नाही. देवळाची अधिकृत परंपरा सांगते की तो जखमांनी गेला. राखेच्या माळरानावर भटकणाऱ्या टोळ्या सांगतात की त्याच्याच सहकाऱ्यांनी त्याचा घात केला, आणि तेच सहकारी पुढे देव म्हणून पुजले गेले. दडवलेली कागदपत्रे जपणारे बंडखोर पुजारी आहेत. खुद्द त्या देवांपैकी एक, व्हिव्हेक, आपली बाजू मांडतो. खेळ संपतो, पण निकाल लागत नाही. खेळाडू हा त्या नेरेव्हारचा पुनर्जन्म आहे की साम्राज्याच्या गुप्तहेरांनी सोयीने उभा केलेला तोतया, हेही पूर्ण स्पष्ट होत नाही. पानिपतानंतरच्या तोतया भाऊसाहेबाचे प्रकरण ज्यांना ठाऊक आहे त्यांना या प्रश्नाची धार वेगळी सांगायला नको.

याच कथेत एक प्रसंग आहे. टोळीचा प्रमुख खेळाडूला एका पवित्र गुहेचा पत्ता देतो, तो तीन छोट्या ओळींच्या कोड्यात. सुई, वारा, मोती, स्वप्न, तारा अशा प्रतिमांनी ते कोडे विणलेले आहे. टोळीतल्या जाणत्या माणसांना विचारत हिंडले की एकेका प्रतिमेचा भूगोल उलगडतो : हा सुळका, ही दरी, तो चमकणारा खडक. शेवटची प्रतिमा उरते ती ताऱ्याची. अझुरा ही पहाट आणि सायंकाळ यांची देवता, तिचा तो तारा. म्हणून गुहेचे दार त्या दोन वेळांनाच उघडते. मी भरदुपारी तिथे पोहोचलो होतो आणि दार बंद पाहून परत फिरलो होतो. कोड्याची शेवटची ओळ नीट वाचली नव्हती, एवढेच त्याचे कारण. रूपकाचा अर्थ लागला नाही तर दार उघडत नाही, हे वर्गात कितीही सांगितले तरी पटत नाही. त्या संध्याकाळी पुन्हा जाऊन उभा राहिलो तेव्हा ते पटले.

बाण

'ऑब्लिव्हियन' मार्च २००६ मध्ये आला. सम्राट, त्याचा खून, त्याचा अज्ञात वारस आणि नरकलोकाची उघडणारी दारे अशी त्याची कथा. पडद्याच्या तळाशी एक होकायंत्र होते आणि त्यावर एक बाण. ज्या माणसाला भेटायचे, जी वस्तू आणायची, तिच्याकडे तो बाण रोखलेला असे. नकाशावर बोट ठेवले की मोठ्या शहरांत आणि एकदा पाहिलेल्या कोणत्याही ठिकाणी क्षणात पोहोचता येई. वाट सांगणारी वाक्ये जवळजवळ नाहीशी झाली. ज्याला वाट विचारायचीच नाही त्याला ती सांगायची कशाला?

हा बदल कुणाच्या आळसाने झाला नाही, त्याला कारणे होती. या भागात सर्व संभाषण आवाजात ध्वनिमुद्रित केले होते. सम्राटाला पॅट्रिक स्टुअर्ट, वारस मार्टिनला शॉन बीन आणि खलनायकाला टेरेन्स स्टॅम्प असे नामवंत नट लाभले होते. लिहिलेले वाक्य दहा वेळा बदलता येते. मुद्रित केलेल्या वाक्याला नट, वेळ, पैसा आणि तबकडीवरची जागा लागते. त्यामुळे वाक्ये कमी झाली, आखूड झाली. दुसरे कारण खेळण्याच्या जागेचे. हा भाग संगणकाबरोबरच एक्सबॉक्स ३६० या नव्या कन्सोलसाठी बनवला होता. दिवाणखान्यात, दूरचित्रवाणीपासून आठ-दहा फुटांवर बसून बारीक अक्षरांची पाने कोण वाचणार? छापखान्याने श्रोत्याचा वाचक केला असे आपण वाङ्मयेतिहासात शिकवतो. इथे ध्वनिमुद्रणाने वाचकाचा पुन्हा श्रोता केला. मात्र हा श्रोता कीर्तनातला नव्हता. कीर्तनात बुवांना श्रोत्याचा चेहरा दिसतो. इथे मोजक्या नटांचे आवाज शेकडो पात्रांच्या तोंडी होते, आणि एकच भिकारी दोन वाक्ये दोन वेगळ्या आवाजांत बोलून जाई.

नावडते

नावडत्या गोष्टींची यादी मोठी आहे. तिच्यातल्या तीन महत्त्वाच्या.

पहिली, खेळाडूच्या बळाप्रमाणे शत्रूंचे बळ वाढवण्याची योजना. आपण बलवान होऊ तसे सारे जगही बलवान होते. काही काळाने आडवाटेवरचा क्षुद्र वाटमाऱ्या राजाला शोभेल असे मौल्यवान चिलखत घालून उभा राहतो आणि शंभर नाणी मागतो. ते चिलखत विकले तर त्याचे आयुष्य सुखात जाईल, हे त्याला कुणी सांगत नाही. 'मॉरोविंड'मध्ये चुकीच्या गुहेत शिरले तर मरण येई; त्या जगाला आपली पर्वा नव्हती, म्हणून ते खरे वाटे.

दुसरी, परिणामांचा अभाव. आधीच्या भागात कथेला आवश्यक असलेल्या माणसालाही ठार मारता येई. मग खेळ सांगे की भविष्यवाणीचा धागा तुटला आहे. हवे तर मागे फिरा, नाहीतर या मोडक्या जगात राहा. 'ऑब्लिव्हियन'मध्ये महत्त्वाची माणसे मरत नाहीत, मूर्च्छित पडतात आणि धूळ झटकून उठतात. पूर्वी एका सरदारघराण्यात गेले की दुसऱ्या घराण्यांची दारे बंद होत. आता एकच माणूस योद्ध्यांच्या, मांत्रिकांच्या, चोरांच्या आणि मारेकऱ्यांच्या संघांचा प्रमुख होऊ शकतो. निवडीची किंमत मोजावी लागत नसेल तर तिला भूमिका म्हणता येईल का?

तिसरी तक्रार भूगोलाची. साम्राज्याचा मध्यप्रांत सिरोडील हा १९९८ साली या मालिकेच्या एका उपखेळाबरोबर दिलेल्या माहितीपुस्तिकेत घनदाट, उष्ण अरण्याचा प्रदेश म्हणून वर्णिलेला होता. २००६ साली प्रत्यक्षात आला तो युरोपीय वळणाचा सौम्य, हिरवागार मुलूख. त्या वर्षांत चित्रपटगृहांत अद्भुतकथेचे जे दृश्यरूप रूढ झाले होते त्याच्या बरेच जवळचे. मशरूमांची घरे आणि राखेची वादळे सोसलेल्या डोळ्यांना ते फार ओळखीचे वाटले.

घोड्याच्या चिलखताचे प्रकरण प्रसिद्धच आहे. एप्रिल २००६ मध्ये कंपनीने घोड्याला घालायचे शोभेचे चिलखत अडीच डॉलरला स्वतंत्रपणे विकायला काढले आणि चाहत्यांनी एकच गहजब केला. आज असा किरकोळ माल विकणे हा या धंद्याचा नित्यक्रम झाला आहे.

आवडते

एवढे म्हटल्यावर न्यायही करायला हवा. 'ऑब्लिव्हियन'ने जे दिले ते आधीच्या भागाला जमले नव्हते.

या कथेचा नायक आपण नाही, हे त्यातले सर्वांत धीट पाऊल. देवळातला एक साधा पुजारी मार्टिन हा सम्राटाचा अनौरस पुत्र निघतो. आपण त्याला शोधतो, सांभाळतो, त्याच्यासाठी वस्तू आणतो. शेवटी तो स्वतःला विसर्जित करून दैवी रूप घेतो आणि पाषाण होऊन उरतो. आपण बाजूला उभे राहून पाहतो. ज्या प्रकारात खेळाडूच्या अहंकाराला सतत खाऊ घातला जातो तिथे त्याला साक्षीदाराची जागा देणे ही लेखकाची हिंमत होती.

लहान कथांत तर हा भाग आधीच्या भागाला मागे टाकतो. एका गावातला चित्रकार नाहीसा होतो, कारण तो आपल्याच चित्रात अडकलेला असतो. आपण चित्रात शिरतो तर झाडे, आकाश, राक्षस सारे कुंचल्याच्या फटकाऱ्यांचे. आणि ते रंगीत राक्षस घायाळ होतात ते टर्पेंटाइनने. दुसऱ्या गावात एका संशयी माणसाला वाटते की शेजारी आपल्यावर पाळत ठेवून आहेत. तो आपल्याला त्यांच्यावर पाळत ठेवायला लावतो, आणि आपण त्याला काय सांगू त्यावर कुणाचा जीव जाणार हे ठरते. मारेकऱ्यांच्या संघातली एक कामगिरी एका बंद वाड्यात घडते. पाच पाहुणे, सहावे आपण. एकेकाचा काटा काढत उरलेल्यांचे सांत्वनही आपणच करायचे. रहस्यकथेतल्या खुन्याच्या जागी वाचकाला बसवण्याची ही युक्ती आवाजाशिवाय इतकी अस्वस्थ करणारी झाली नसती. मरणाऱ्याच्या आधीच्या गप्पा आपण कानांनी ऐकलेल्या असतात.

आणि एक ग्रंथ

माझी कैफियत इथेच संपली असती तर ती बरीचशी सोपी राहिली असती. पण 'ऑब्लिव्हियन'मध्ये एक चार खंडांचा ग्रंथ आहे : खलनायक मांकार कामोरान याने आपल्या पंथासाठी लिहिलेले भाष्य. पंथाच्या गुप्त जागेचा पत्ता त्यात लपवलेला आहे, तो परिच्छेदांच्या आद्याक्षरांत. चारही खंडांतली आद्याक्षरे क्रमाने मांडली की एक जागा आणि दिवसाची एक वेळ हाती येते. वेळ भरदुपारची. पहाटे आणि सायंकाळी उघडणाऱ्या त्या गुहेचा हा प्रतिध्वनी मला फार उशिरा ऐकू आला.

याच भाष्याच्या तिसऱ्या खंडात एक सूचक उल्लेख येतो, की विशिष्ट गूढज्ञान असणारा भूमीचे रूपही पालटू शकतो आणि सम्राटाचे हे घर एकेकाळी अरण्य होते. म्हणजे बदललेल्या भूगोलाची कबुली आणि तिचे समर्थन दोन्ही तिथे नोंदवलेले आहे. आमच्या आठवणींशी हिशेब करायला लेखक विसरले नव्हते. तो हिशेब त्यांनी जे वाचतील त्यांच्यासाठी पुस्तकात ठेवला होता.

पण ते पुस्तक मी वाचले होते का? २००६-०७ साली मी चारही खंड गोळा केले, मांत्रिकांच्या विद्यापीठातल्या विदुषीकडे गेलो, आणि आद्याक्षरांची क्लृप्ती तिने सांगितली तेव्हा मला कळली. मग बाण होताच. वाचनाचा ऱ्हास झाला म्हणून मित्रांपुढे तावातावाने बोलणारा मी, जिथे वाचायची एक संधी दिली होती तिथेच आयते उत्तर घेऊन पुढे गेलो होतो.

या आठवणीने माझ्या तक्रारीकडे वेगळ्या नजरेने पाहायला लावले. 'डॅगरफॉल'च्या चाहत्यांनी 'मॉरोविंड'वर घेतलेले आक्षेप मला ठाऊक होते : हजारो गावांचे ते अफाट जग जाऊन एक बेट हाती आले, म्हणून. २०११ साली 'स्कायरिम' आला तेव्हा 'ऑब्लिव्हियन'वर वाढलेल्या पिढीने तो उथळ झाल्याची तक्रार केली. ज्या भागातून आपण त्या जगात शिरलो तो भाग आपल्याला प्रमाण वाटतो. 'मॉरोविंड'मध्येही नोंदवही सुरुवातीला नुसती तारीखवार होती. कामगिऱ्यांनुसार ती लावून देण्याची सोय त्याच वर्षीच्या पुरवणीभागाने केली आणि आम्ही ती आनंदाने वापरली. बाणाची वाट तिथूनच सुरू झाली होती.

तरीही सारेच आठवणींच्या खाती टाकता येणार नाही. आठवणींना सुटणारा गहिवर आणि झालेले नुकसान यांत फरक करायला इतिहास शिकवतो. पाहिलेले पहिले शहर सुंदर वाटणे हा गहिवर. वाटेचे वर्णन करणारी वाक्ये नाहीशी होणे हे नुकसान. ते मोजता येते, त्याची कारणे दाखवता येतात.

२२ एप्रिल २०२५ रोजी 'ऑब्लिव्हियन'ची नवी सजवलेली आवृत्ती आली. दृश्ये नव्या तंत्राने घडवली आहेत, काही आवाज नव्याने मुद्रित केले आहेत. महागड्या आवृत्तीत घोड्याची चिलखतेही आहेत, आणि आता त्यांवर लोक प्रेमाने विनोद करतात. २००६ साली एका नटीचे चुकलेले वाक्य आणि 'पुन्हा घेते' अशा अर्थाचे तिचे बोलणे चुकून तसेच राहून गेले होते. ते पात्र वक्तृत्व शिकवणारे होते हे विशेष. नव्या आवृत्तीत ती चूक राखून ठेवली आहे. एकेकाळचा दोष आता परंपरेचा भाग झाला.

त्या उन्हाळ्यात आमच्या महाविद्यालयातला दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी सहज बोलता बोलता म्हणाला, "सर, त्या चार पुस्तकांचं मला आपोआप सुटलं." त्याने विदुषीला विचारले नव्हते. प्रत्येक परिच्छेदाचे पहिले अक्षर मोठे आणि नक्षीदार का, एवढाच प्रश्न त्याला पडला होता, आणि त्याने ती अक्षरे वहीच्या समासात उतरवून घेतली होती. हा मुलगा वर्गात मागे बसतो. कवितेचा तास असला की त्याच्यासमोर गाईड उघडे असते, कारण कवितेआधी प्रश्नोत्तरे सांगण्याची सवय आम्हीच लावली आहे.

पुढच्या तासाला मी कविता फळ्यावर लिहिली, अर्थाचा एक शब्दही सांगितला नाही आणि खुर्चीत बसून राहिलो. पहिली दहा मिनिटे कुणीच बोलले नाही.